उशी पात्र की अपात्र

पाकीट लांबट होतं आणि त्याला खिडकी होती. खिडकीतून माझं नाव बाहेर बघत होतं. माझा आजवरचा अनुभव असा, की खिडकीच्या पाकिटातून चांगली बातमी कधी येत नाही. लग्नपत्रिकेला खिडकी नसते. मैत्रिणीच्या पत्राला खिडकी नसते. ज्याला आपलं नाव पाकिटावर हातानं लिहिण्याइतकीही माया नाही, तो आत काय लिहिणार हे उघडच आहे.

म्हणून मी ते उघडलं नाही. फ्रिजवर ठेवलं. तिथे ते दोन दिवस बसून राहिलं आणि मी दूध काढताना, भाजी ठेवताना त्याच्याकडे न बघण्याचा सराव केला. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, "अगं, हे उघडलं नाहीस?"

"तू उघड ना."

"तुझं नाव आहे त्यावर."

इथे सांगायला हवं, की माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. नऊ मजल्यांच्या अंधाऱ्या पोकळीत, खाली बघितलं तर आपल्या पोटात गोळा येईल अशा जागी, हा माणूस शीळ घालत नट पिळतो. पण सरकारी कागद दिसला की दाराच्या आड उभा राहून "गॅस बंद केलास का?" असं काहीतरी विचारू लागतो. शेवटी पाकीट आमच्या लेकीनं उघडलं. ती चार वर्षांची आहे, एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात, आणि काहीही फाडायला मिळालं की ती खूश असते. पत्राचा एक कोपरा गेला, पण मजकूर वाचला.

प्रकार असा होता. भिंगरी जन्मली त्याच महिन्यात आम्ही तिच्या नावे शिक्षण बचत खातं उघडलं होतं. दर महिन्याला आपण थोडे पैसे टाकायचे, सरकार त्यात आपली चिमूटभर भर घालतं, आणि शिक्षणासाठी काढले तर त्यावर कर नाही. यंदा ती बालवर्गात गेली तेव्हा साहित्य आम्ही त्यातूनच घेतलं आणि वर्षाची फीही त्यातूनच भरली. शाळेत भरली म्हणजे शिक्षणासाठीच भरली, इतका सरळ हिशेब. आता पत्रात लिहिलं होतं: 'काढलेल्या रकमेपैकी पात्र शैक्षणिक खर्च किती, याचा पुराव्यानिशी खुलासा एकवीस दिवसांत करावा. खुलासा असमाधानकारक आढळल्यास खाते बंद करण्यात येईल. बंद झालेले खाते त्याच लाभार्थ्याच्या नावे पुन्हा उघडता येत नाही.'

खुलासा हा शब्द मी याआधी एकदाच ऐकला होता. सातवीत, फुटलेल्या काचेसंदर्भात, मुख्याध्यापिकांच्या तोंडून. तेव्हाही मी निर्दोष होते आणि तेव्हाही मला रडू फुटलं होतं.

पण या वेळी भीती वेगळी होती. ती त्या शेवटच्या वाक्याची होती. मला दिसू लागलं, की भिंगरी अठरा वर्षांची झाली आहे, तिला काहीतरी मोठं शिकायचंय, आणि मी तिला सांगतेय, "बाळ, खातं होतं गं तुझं. पण तू चार वर्षांची असताना आईनं ते बंद पाडलं."

"दोन दिवस फ्रिजवर गेले," मी म्हटलं. "एकोणीस उरले."

"पोस्टानं येताना पण चार गेले असतील," दाराआडून नवरा म्हणाला. असा आधार देण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

पत्रासोबत नव्वद पानांची माहितीपुस्तिका कुठून मिळेल ते दिलं होतं. ती मी आणली आणि दुकानात नेली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईकांशी बोलायचं काम मालकांचं, मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं माझं. दोन काचांच्या मध्ये दोन पानं, असं मी वाचत होते. तिसऱ्या पानावर व्याख्या होती: 'पात्र शैक्षणिक खर्च म्हणजे या योजनेखाली पात्र ठरणारा शैक्षणिक खर्च.' मी ते चार वेळा वाचलं. पाचव्या वेळी मला ते पटू लागलं, तेव्हा मी घाबरून पुढचं पान उलटलं.

पुढे यादी होती. शिकवण्याचं शुल्क पात्र. सक्तीची पुस्तकं पात्र. सक्तीचं साहित्य पात्र. जेवण अपात्र, गाडीभाडं अपात्र, आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: 'केवळ सांभाळ अपात्र.' माझं धाबं दणाणलं ते या 'केवळ'नं. भिंगरी साडेआठला शाळेत जाते आणि पाचला मी तिला आणते. एवढ्या वेळात शिक्षण कुठे संपतं आणि सांभाळ कुठे सुरू होतो? शिवाय वर्षाच्या सुरुवातीला शाळेनं सक्तीच्या साहित्याची यादी दिली होती, तिच्यात खडू, पाटी आणि उशी होती. उशी सक्तीची होती. म्हणजे सक्तीचं साहित्य. म्हणजे पात्र? उशीनं नेमकं काय शिकतात?

या विचारात मी एका आजोबांची डावी काच उजवीकडे बसवली. ते चष्मा घालून दुकानाबाहेर गेले आणि नसलेली पायरी चढले. मालक मागच्या खोलीत येऊन म्हणाले, "बाई, घरी काही आहे का?"

"उशी आहे," मी म्हटलं, आणि मालकांनी काळजीनं माझ्याकडे पाहून मला पाणी दिलं.

संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर गेले. तिथे नियमकाका राहतात. काकांनी पस्तीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारले. निवृत्त झाल्यावर नाकारायला काही उरलं नाही, म्हणून आता ते फुकट सल्ला देतात. इमारतीत कुणाचा काहीही कागद आला की तो आधी काकांकडे जातो आणि परत येताना जास्त भीतिदायक होऊन येतो.

"बस पोरी," काका म्हणाले. पत्र वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. "पहिली गोष्ट, घाबरायचं नाही."

"नाही काका."

"घाबरलेला माणूस खरं बोलतो. मी बघितलंय ना! लोक माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले की पाच मिनिटांत घडाघडा खरं सांगायचे. एक दावा पास व्हायचा नाही त्यांचा."

"पण खरं सांगायला काय हरकत आहे, काका?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी भिंगरीहून लहान झाले. "हरकत काही नाही गं. पण खरं नेटकं लिहावं लागतं. ही उशी. उशी लिहिलंस तर गेलीस. लिही, 'शारीरिक शिक्षणाचे मृदू साहित्य.'"

काकू आतून ओरडल्या, "अहो, त्या पोरीला तुरुंगात घालाल!"

तुरुंग हा शब्द तोपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता. आता आला, आणि राहायलाच आला.

मी ठरवलं, की खरंच लिहायचं. हे धैर्यानं नव्हे. खोटं बोलायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही, एवढंच. तर पुरावा म्हणून शाळेची पावती काढली. पावतीवर एकच शब्द होता, 'शुल्क', आणि पुढे एकच आकडा. शिकवण्याचे किती, जेवणाचे किती, सांभाळण्याचे किती, काही नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या कचेरीत गेले. तिथे एक बाई पावत्या फाडतात. त्यांना सगळे पावतीबाईच म्हणतात, आणि त्यांच्या खिडकीशी जायला मुख्याध्यापकही कचरतात.

"फोड हवी होती," मी म्हटलं.

"कसली?"

"फीची. कशाचे किती ते."

पावतीबाईंनी पेन खाली ठेवलं. "एकोणीस वर्षं मी इथे पावत्या फाडतेय. आजपर्यंत कुणी विचारलं नाही."

"नाही, संशय नाही हो माझा."

"मग विचारता कशाला?"

मी पत्र दाखवलं. त्यांनी ते हाताच्या अंतरावर धरून वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. आता त्यांना भीती वाटली. माझी भीती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बघून मला किंचित बरं वाटलं हे कबूल करते. त्या आत गेल्या, मुख्याध्यापकांशी कुजबुजल्या, आणि आठवड्यानं मला छापील फोड मिळाली. सकाळचं सत्र, साडेआठ ते साडेबारा: शिक्षण. दुपारचं सत्र, साडेबारा ते पाच: भोजन, विश्रांती व देखरेख. फीची जवळजवळ निम्मी रक्कम दुपारच्या नावावर.

इथपर्यंतही ठीक होतं. पण पावतीबाई कामाच्या चोख. एकीला द्यायची तर सगळ्यांना द्यायला हवी, असं म्हणून त्यांनी ती फोड प्रत्येक मुलाच्या दप्तरात घातली. वर सूचना: 'एका पालकांच्या आग्रहावरून.'

आता खातं काय फक्त आमचंच होतं? वर्गातल्या निम्म्या घरांत तेच खातं होतं, त्यातूनच त्यांनीही पूर्ण फी भरली होती, आणि आजपर्यंत सगळे सुखानं झोपत होते. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी फाटकाशी गेले तर तिथलं बोलणं थांबलं. जुळ्यांच्या बाबांनी माझ्याकडे पाहून मोठ्यानं विचारलं, "त्या एक पालक तुम्हीच ना?"

"हो, पण मला पत्र आलं म्हणून..."

"आम्हाला आलं नव्हतं हो. आता येईल."

"माझ्या बहिणीनं तर उशीसुद्धा खर्चात लावली होती गेल्या वर्षी," एक आई म्हणाली. "काही झालं नाही तिला."

मी काही चोर नाही. मी कुणाचं काही घेतलं नाही. मी फक्त विचारलं. पण फाटकापासून कोपऱ्यापर्यंतची ती शंभर पावलं मी खाली बघत चालले, आणि भिंगरी मात्र वळून वळून सगळ्यांना टाटा करत होती. मी रोजच्यासारखं विचारलं, "झोपलीस का दुपारी?" तिनं रोजच्यासारखी मान हलवली. तिच्या शाळेच्या रोजनिशीतही रोजच्यासारखं लिहिलं होतं, 'विश्रांती: उत्तम.' एवढं तरी उत्तम चाललंय, असं मी मनाशी म्हटलं.

घरी येऊन खुलाशाचा नमुना भरायला बसले. तो नमुना कॉलेजातल्या मुलांसाठी केलेला असावा, कारण शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: 'लाभार्थी विद्यार्थ्याने स्वतः सही करावी. इतरांनी केल्यास तो गुन्हा समजला जाईल.' समजूतदार माणसानं काय केलं असतं? खाली 'पालक' लिहून स्वतःची सही केली असती. पण माझ्या डोक्यात तुरुंग मुक्कामाला होता. गुन्हा हा शब्द वाचला आणि मी भिंगरीला हाक मारली.

"बाळा, इथे सही कर."

"सही म्हणजे?"

"म्हणजे तुझी खूण. दर वेळी एकसारखी काढायची."

तिनं विचार केला आणि एक बदक काढलं. सुरेख बदक होतं. पाच प्रती होत्या, पाच ठिकाणी पाच बदकं. नवऱ्यानं खांद्यावरून बघितलं.

"या तिसऱ्याला पाय नाहीत."

"ते पाण्यात आहे," भिंगरी म्हणाली.

"अगं, चौथं उलट्या बाजूला बघतंय. चालेल का?"

"तूच सांग," मी म्हटलं.

"गॅस बंद केलास का?" तो म्हणाला.

तसंच पाठवलं. आठ दिवसांनी दुसरं पाकीट आलं. खिडकी होतीच. 'लाभार्थ्याच्या सह्या परस्परांशी जुळत नाहीत. तसेच दुपारच्या सत्राचे स्वरूप स्पष्ट होत नाही. लाभार्थ्यासह समक्ष हजर राहावे.' तारीख चार दिवसांनंतरची, वेळ सकाळी अकराची.

ते चार दिवस आमच्या घरी शाळेहून जास्त शिक्षण झालं. भिंगरीला काय विचारतील आणि तिनं काय सांगावं, यावर प्रत्येकाचं मत होतं. नवरा तिला लिफ्टमध्ये वर-खाली नेत मजल्यांचे आकडे पाठ करून घेऊ लागला. नियमकाका तर स्वतः खाली आले. डायनिंग टेबलाच्या एका बाजूला ते बसले, समोर तिला बसवलं, आणि आवाज जड करून विचारलं, "शाळेत काय करता?"

"तुमच्या नाकात केस आहेत," लाभार्थी म्हणाली.

"हे तिथे बोलायचं नाही."

"त्यांच्या नाकात नसतील?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, हिला एकच वाक्य शिकव. 'आम्ही अक्षरं शिकतो.' बस. पुढे काही विचारलं तर खोकायचं."

मी खरं बोलणारी बाई. पण एकच वाक्य, आणि तेही खोटं नाही, शिकतात की अक्षरं! रोज सकाळी केस विंचरताना मी तिच्याकडून ते म्हणून घेतलं. तीन वेळा. कंगव्याच्या तालावर.

त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर पाटी: 'बंद आहे.' नवऱ्याचे डोळे चमकले. "एक मिनिट हं," तो म्हणाला. दोन मजले चढून झाल्यावर मला कळलं, की तो मागे नाही. अंधाऱ्या पोकळीत उतरायला तो तयार होता, कचेरीत शिरायला नाही. मी भिंगरीचा हात घट्ट धरला. कोण कुणाला धरत होतं ते सांगता येणार नाही.

खोलीत तीन टेबलं होती, दोन रिकामी. तिसऱ्यामागे एक मॅडम बसल्या होत्या. समोर आमची फाईल. फाईलवर पाच बदकं पसरलेली. मॅडमचा चष्मा नाकावरून घसरत होता, त्या तो वर करत होत्या, तो परत घसरत होता. डाव्या दांडीचा स्क्रू सैल होता. माझ्या पर्समध्ये छोटा स्क्रूड्रायव्हर कायम असतो. अर्ध्या मिनिटाचं काम होतं आणि माझी बोटं शिवशिवत होती. पण अधिकाऱ्याचा चष्मा फुकट दुरुस्त करणं हे कुठल्या कलमाखाली येतं कुणास ठाऊक. मी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरली.

"या सह्या कुणी केल्या?" मॅडमनी विचारलं.

"मी," भिंगरी म्हणाली.

"हे काय आहे?"

"बदक. हे पाण्यातलं. हे घरी चाललंय."

मॅडमनी कोरा कागद पुढे केला. भिंगरीनं जीभ बाहेर काढून बदक काढलं. मॅडमनी ते बाकीच्या पाचांशी बराच वेळ ताडून पाहिलं. चष्मा वर, चष्मा खाली. मग शेजारी लिहिलं, 'सही समक्ष पडताळली.' मी श्वास सोडला. तो लवकर सोडला.

"बाळ, शाळेत काय करता तुम्ही?"

भिंगरी ताठ बसली. "आई म्हणाली, सांग आम्ही अक्षरं शिकतो. आणि मग खोक."

आणि ती खोकली.

खोलीत पंखा होता, तो फिरत होता एवढं मला आठवतं. मला वाटलं, आता दार उघडेल, कुणीतरी येईल, माझा दंड धरेल. खातं गेलं. लेकीचं खातं मी माझ्या हातानं, कंगव्याच्या तालावर घालवलं. मी बोलू लागले आणि थांबेना. "मॅडम, मी शिकवलं तिला, माझी चूक आहे. शिकतात मुलं अक्षरं, खरंच शिकतात, पण मी पाठ करून घेतलं. आणि उशी मी लावली होती खर्चात, यादीत सक्तीची होती म्हणून, पण ती काढा. आणि गाडीभाडं नाही लावलं. आणि पत्र दोन दिवस फ्रिजवर होतं. आणि सातवीत काच मी नव्हती फोडली."

मॅडमनी हात वर केला.

"तुम्ही थांबा. मला हिला विचारायचंय." त्या पुढे वाकल्या. "सकाळी अक्षरं. आणि दुपारी?"

"दुपारी झोपायचं."

"झोप लागते?"

मी मनात म्हटलं, विश्रांती उत्तम. लेखी आहे.

"नाही," भिंगरी म्हणाली. "मला नाही येत. पण डोळे उघडले की बाई रागावतात. मग मी मिटून पडते आणि मोजते."

"काय मोजतेस?"

"आकडे. एक, दोन, तीन. एकोणतीसपर्यंत येतात मला. मग परत एकपासून. आई येईपर्यंत."

मॅडमचं पेन थांबलं. "किती वेळा होतं असं?"

तिनं दोन्ही हात पसरले, जितके पसरता येतील तितके. "इतक्या वेळा."

मी कुठे बघत होते मला माहीत नाही. बहुधा बदकांकडे. रोज पाच वाजता मी धावत फाटकाशी जाते, 'झोपलीस का?' विचारते, ती मान हलवते, आणि मी ती मान घेऊन समाधानानं घरी येते. साडेबारा ते पाच. मी तिकडे लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासतेय, आणि इकडे ती डोळे मिटून एकपासून सुरू करतेय. परत. आणि परत.

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. मग शिक्का मारला, दोनदा, कारण पहिला नीट उठला नाही. "ऐका," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज सरकारीच होता, पण पायातून वहाणा काढून बसलेला. "सकाळचं सत्र शिक्षण, ते मंजूर. पाटी-खडू मंजूर. दुपारचं नामंजूर, तो सांभाळ आहे. उशी नामंजूर. नामंजूर रक्कम तीस दिवसांत खात्यात परत भरायची, त्याचा नमुना हा. भरली की विषय संपला."

"आणि खातं?"

"खातं चालू. खुलासा समाधानकारक आहे. इतका सविस्तर खुलासा या टेबलावर आजवर आला नाही."

मी रडले. मॅडमनी टेबलावरच्या फायली थोड्या मागे ओढल्या, भिजू नयेत म्हणून. मग मी डोळे पुसून विचारलं, "मॅडम, आता शिक्का झालाय ना? म्हणजे लाच होणार नाही ना?" आणि स्क्रूड्रायव्हर काढला. त्यांनी निमूटपणे चष्मा काढून दिला.

परत निघालो तेव्हा लिफ्ट चालू होती. आत नवरा उभा, कोपरापर्यंत काळा, चेहऱ्यावर विजय. "काय झालं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. पैशाचं सांगितलं तोपर्यंत तो मान डोलावत होता. मोजण्याचं सांगितलं तेव्हा त्यानं तळमजल्याचं बटण दाबायला उचललेला हात तसाच राहिला, आणि आम्ही बराच वेळ तिसऱ्या मजल्यावरच उभे होतो.

परत भरायच्या रकमेसाठी नव्या फ्रिजचा विचार सोडला. जुना ओरडतो, पण थंड करतो. ते अवघड नव्हतं. अवघड होतं मालकांशी बोलणं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन उभी राहिले आणि मनात चाळीस वेळा म्हटलेलं वाक्य विसरले. शेवटी एवढंच म्हटलं, "मला साडेबारानंतर घरी राहायचंय. सकाळी सातला येईन. मुलीला शाळेत तिचे बाबा सोडतील. पगार कमी केलात तरी चालेल."

मालकांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ती उशीची भानगड मिटली का?"

"मिटली."

"मग या सातला. काचा सकाळी घासा नाहीतर दुपारी, घेणाऱ्याला पायरी दिसली म्हणजे झालं. पगाराचं महिनाअखेर बघू." महिनाअखेर काय बघतील याची भीती मला आत्तापासून वाटते आहे. पण ती आता बाकीच्या भीतींबरोबर रांगेत उभी आहे, तिचा नंबर आल्यावर बघू.

आज दुपारचं पहिलंच घरी राहणं. जेवून झाल्यावर भिंगरीला पलंगावर आडवं केलं, शेजारी मी बसले, मांडीवर परताव्याचा तो नमुना. दोन पानी आहे, पाठपोट. सातव्या रकान्यात विचारलंय, 'अपात्र खर्चाचे कारण संक्षेपात लिहा.' मी पेनचं टोक चावत बसले. संक्षेपात कसं लिहिणार?

बाजूला बघितलं तर तिचे डोळे गच्च मिटलेले आणि ओठ हलत होते.

"भिंगरी, अगं, मी इथेच आहे."

"माहितीय."

"मग कशाला मोजतेस?"

"तुझा कागद होईपर्यंत."

मी रकाना तसाच सोडला आणि तिच्याजवळ आडवी झाले. ती अठ्ठावीसवर होती. मग एकोणतीस. मग थांबली, श्वास घेतला, परत एकपासून सुरू करायच्या बेतात.

"तीस," मी म्हटलं.

तिनं एक डोळा उघडला.

"आणि मग?"